जपानी पत्र्याची खेळणी : छपाई, सेल आणि सफाई

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जपानमध्ये तयार झालेली आणि मुख्यतः अमेरिकेत विकली गेलेली, पत्र्याची आणि सेलवर चालणारी खेळणी आज जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आणि लिलावगृहांच्या सूचींत मानाने जाऊन बसली असली, तरी ती ज्या हातांनी घडवली त्यांच्याविषयी लिखित स्वरूपात फार थोडे सापडते. खेळण्याच्या पाठीवर किंवा तळाला छापलेली दोन-तीन रोमन अक्षरे, ‘जपान’ हा शब्द आणि सोबतच्या खोक्यावरचे रंगीत चित्र, एवढ्याच सामग्रीवरून अनेकदा कारखाना, काळ आणि बाजारपेठ यांचा अंदाज बांधावा लागतो. साहजिकच खेळणे हेच येथे दस्तऐवज ठरते. त्यामुळे त्यावरची धूळ, गंज आणि सेलमधून गळलेला क्षार काढण्याचे काम वरकरणी घरगुती साफसफाईसारखे दिसले, तरी त्यात काय पुसले जावे आणि काय राहू द्यावे हा निर्णय मूलतः इतिहासाच्या अभ्यासकाचा निर्णय असतो. हा निर्णय नीट घेता यावा यासाठी ही खेळणी कशी बनत, कोणत्या परिस्थितीत बनली आणि त्यांच्या पोटात काय दडलेले असे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

या खेळण्यांचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजूंनी कथलाचा अत्यंत पातळ थर चढवलेले पोलाद होय. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना हेच कथील वापरतात. मात्र कल्हई केली जाते ती भांड्यात अन्न कळकू नये म्हणून, तर पत्र्यावर कथील चढवले जाते ते पोलाद हवेपासून झाकले जावे आणि त्याला डाख सहज बसावा म्हणून. या संरक्षणाला एक मोठी मर्यादा आहे. छपरांच्या जस्ती पत्र्यावर ओरखडा पडला, तर जस्त स्वतः झिजून आतल्या पोलादाला काही काळ वाचवते. कथलाच्या बाबतीत याच्या उलट घडते, कारण कथलापेक्षा लोखंड रासायनिकदृष्ट्या अधिक क्रियाशील असल्यामुळे थर फाटताच उघड्या पडलेल्या पोलादावरच गंज चढू लागतो. साच्यात दाबून कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तर मुळातच कथील नसते. जुन्या खेळण्यांवरचा गंज सपाट भागांपेक्षा कडांवर, जोडांवर आणि छिद्रांभोवती आधी दिसतो, त्याचे कारण हेच.

पत्र्यावरचे रंगकाम बहुधा हाताने केलेले नसे, ते छापलेले असे. शिळामुद्रण, म्हणजे गुळगुळीत दगडावर चिकट शाईने चित्र काढून त्याचे ठसे घेण्याची पद्धत, कागदासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरात होती. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याने देवादिकांची चित्रे घराघरांतल्या भिंतींवर पोचवली ती याच पद्धतीच्या बळावर. कागद दगडावर दाबला की शाई शोषून घेतो, पत्रा मात्र कडक आणि निःशोषक असल्यामुळे त्यावर थेट ठसा नीट उमटत नाही. ही अडचण इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीने सुटली : दगडावरची शाई आधी मधल्या एका रुळावर आणि तेथून पत्र्यावर उतरवायची. पुढे ऑफसेट या नावाने कागदाच्या छपाईतही रूढ झालेले हे तंत्र प्रथम पत्र्यासाठी वापरले गेले, ही बाब मुद्रणाच्या इतिहासात बरीच दुर्लक्षित राहिली आहे.

खेळण्याच्या कारखान्यात येणारा पत्रा सपाट असे आणि त्यावर प्रत्येक रंगाची छपाई स्वतंत्रपणे होऊन भट्टीत ताव देऊन शाई पक्की केली जाई. शेवटी वरून पारदर्शक रोगणाचा हात फिरे. त्यानंतर तो पत्रा ठशाखाली जाऊन त्याचे हात, पाय, छाती, मोटारीचे टप असे आकार दाबून निघत. सपाट असताना काढलेला चेहरा दाबल्यावर नाकाशी ताणला आणि कानाशी आकसला जाणार, हे चित्रकाराला आधीच हेरावे लागे, आणि म्हणून मूळ रेखाटनात डोळे मुद्दाम वाकडे आणि गाल मुद्दाम फुगलेले काढावे लागत, जेणेकरून साच्यातून बाहेर येताना ते सरळ दिसावेत. तयार तुकडे एकमेकांना जोडण्यासाठी पत्र्यालाच ठेवलेल्या अरुंद जिभल्या दुसऱ्या तुकड्याच्या फटीत घालून आतून वळवल्या जात. त्यामुळे डाख आणि स्क्रू यांची गरज कमी होई, खर्च वाचे आणि जोडणीचे काम घरी बसून करणाऱ्या बायकांकडे देता येई.

हे तंत्र जपानचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या खेळण्यांचे केंद्र जर्मनीतील न्यूरेंबर्ग आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हे होते; बिंग, मार्कलिन आणि ब्रांडेनबुर्गची लेमान ही घराणी त्या काळी चावीच्या आगगाड्या आणि नाचऱ्या बाहुल्या साऱ्या युरोप-अमेरिकेला पुरवीत. जपानी कारागिरांनी मेइजी काळात त्यांच्या नकला करून हात बसवला आणि पहिल्या महायुद्धात जर्मन माल समुद्रावरच अडल्यावर अमेरिकेच्या बाजारात शिरकाव केला. १९३८ पासून चीनमधील युद्धाच्या निमित्ताने जपानमध्ये खेळण्यांसाठी धातू वापरण्यावर निर्बंध आले, आणि पुढल्या काही वर्षांत साचे व यंत्रे युद्धसामग्रीकडे वळल्याने हा धंदा जवळजवळ बंद पडला.

युद्धोत्तर काळाची सुरुवात ज्या खेळण्यापासून मानली जाते ते वितभर लांबीही नसलेले, अगदी साधे आहे. सरोवराकाठच्या ओत्सु गावात राहून काम करणाऱ्या कोसुगे मात्सुझो या कारागिराने अमेरिकी सैन्याच्या छावणीतून टाकून दिलेले खाद्यपदार्थांचे डबे गोळा केले, ते कापून सपाट केले आणि त्यांपासून अमेरिकी जीपची छोटी प्रतिकृती बनवली. १९४५ च्या डिसेंबरात, म्हणजे शरणागतीला चार महिने होतात न होतात तोच, क्योतोच्या मारुबुत्सु या मोठ्या दुकानात ती १० येनला विक्रीस आली आणि तिच्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. जिंकणाऱ्यांच्या सैन्याचे वाहन, त्याच सैन्याच्या उकिरड्यावरच्या डब्यांतून बनवून, हरलेल्या देशाच्या मुलांना विकले गेले, यात एक उपरोध आहे. पण त्या हिवाळ्यात क्योतोमध्ये पत्रा मिळण्याची दुसरी जागाच नव्हती, हे त्याहून मोठे कारण आहे. पत्र्याच्या या टंचाईची खूण आजही दिसते. त्या काळातले एखादे खेळणे उघडले किंवा खालून टॉर्च मारून आत पाहिले, तर पत्र्याच्या आतल्या बाजूस कुठल्याशा डब्याच्या लेबलाचा अर्धवट तुकडा, उलटी रोमन अक्षरे किंवा पिवळसर लाखेचा थर आढळतो. बाहेरून खेळणे असलेला तो पत्रा आतून अजून डबाच असतो.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये जपानला मर्यादित खासगी निर्यात पुन्हा सुरू करण्याची मुभा मिळाली. त्या सुमारास निर्यातीच्या मालावर ‘व्याप्त जपानमध्ये बनवलेले’ अशा अर्थाची इंग्रजी मोहोर उमटवणे सक्तीचे झाले आणि शांतता करार अमलात येऊन १९५२ च्या एप्रिलमध्ये ताबा संपेपर्यंत ती अनेक वस्तूंवर दिसत राहिली. कालनिश्चितीसाठी इतका नेमका पुरावा फार थोड्या वस्तूंना लाभतो. १९४९ मध्ये एका डॉलरला ३६० येन असा विनिमयदर ठरला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. या दराने जपानी खेळणे अमेरिकी दुकानात इतके स्वस्त पडे की तेथील कारखान्यांना त्याच्याशी स्पर्धा करणे कठीण होऊन बसले, आणि लुई मार्क्ससारख्या बड्या अमेरिकी उत्पादकाने ‘लाइनमार’ या नावाने जपानमध्येच माल बनवून घ्यायला सुरुवात केली. मालावर मूळ देशाचे नाव छापण्याची अट अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यापासून चालत आलेली होती. या अटीला बगल देण्यासाठी जपान्यांनी एका गावाचे नावच ‘उसा’ ठेवले आणि मालावर ‘मेड इन यूएसए’ छापले, अशी एक कथा पाश्चात्त्य देशांत बराच काळ सांगितली जात असे. क्यूशू बेटावरचे उसा हे प्राचीन तीर्थक्षेत्र असल्याने त्या कथेत तथ्य नाही. उल्हासनगरच्या मालावरच्या तशाच विनोदाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला मात्र अशा कथा कोणत्या मत्सरातून जन्मतात हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष उत्पादन टोकियोच्या पूर्व भागात, सुमिदा नदीच्या दोन्ही बाजूंच्या आसाकुसा, सुमिदा आणि कात्सुशिका या वस्त्यांत एकवटलेले होते. मासुदाया, नोमुरा, योनेझावा, होरिकावा, आल्प्स, मारुसान, योशिया, बांदाई ही नावे संग्राहकांना पाठ असतात. प्रत्यक्षात मात्र या घराण्यांपैकी अनेकांचे मुख्य काम आराखडा, मागणी आणि विक्री सांभाळण्याचे असे, तर छपाई एकीकडे, दाबकाम दुसरीकडे, गिअरची पेटी तिसरीकडे आणि जोडणी चौथ्या ठिकाणी अशी कामाची वाटणी असे. खेळण्यावर दिसणारी ‘टी. एन.’, ‘एस. एच.’, ‘एम. टी.’ अशी अक्षरे अनुक्रमे नोमुरा, होरिकावा आणि मासुदाया यांची. यांखेरीज ‘क्रॅगस्टन’ किंवा ‘रॉस्को’ असे नाव दिसले, तर ते उत्पादकाचे नसून अमेरिकेतल्या आयातदाराचे असते. ज्याने ठसा मारला किंवा जिभल्या वळवल्या त्याचे नाव कुठेच नसते.

चावीची आणि चाकाच्या गतीने धावणारी खेळणी मागे पडून सेलवरची खेळणी पुढे येण्यास एक छोटी मोटर कारणीभूत झाली. माबुची केनिची यांनी १९४६ मध्ये एक संशोधनशाळा काढून पुढच्याच वर्षी नालाच्या आकाराचे चुंबक वापरणारी लहान विजेची मोटर तयार केली आणि १९५४ मध्ये खेळण्यांसाठी अशा मोटरींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. स्प्रिंगच्या चावीला अर्ध्या-एक मिनिटाचे आयुष्य असे. दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलांवर मात्र मोटर बराच वेळ फिरत राहते आणि शिवाय तिच्याच विजेवर दिवा लागतो, आवाज निघतो, तार तापून धूर येतो. या वाढीव वेळाचे काय करायचे, हा आराखडा करणाऱ्यांपुढचा प्रश्न होता आणि त्याला त्यांनी दिलेली उत्तरे हाच या खेळण्यांचा सर्वांत रंजक भाग आहे.

पहिले उत्तर दिशा बदलण्याचे. चालकचाक शरीराला घट्ट न जोडता एका फिरत्या चकतीवर बसवले, तर खेळणे भिंतीला आपटल्यावर ते चाक आपोआप वळते आणि खेळणे दुसरीकडे निघते. त्यात ना स्विच आहे ना गणित. खोक्यांवर याला ‘गूढ हालचाल’ अशा अर्थाचे नाव छापलेले असे. दुसऱ्या प्रकारात खेळणे टेबलावरून पडत नाही : पुढचा आधार कडेबाहेर गेला की पुढचा भाग किंचित खाली झुकतो, त्याबरोबर तळाशी आडवे बसवलेले चाक टेबलाला टेकते आणि खेळण्याला बाजूला ओढून नेते.

दुसरे उत्तर अभिनयाचे, आणि ते अधिक विलक्षण आहे. १९६२ च्या सुमाराचा, नोमुराने बनवलेला आणि रॉस्कोने विकलेला ‘चार्ली वीव्हर’ हा दारू ढोसणारा गुत्तेवाला त्याचा नमुना म्हणून पाहता येतो. अमेरिकी दूरचित्रवाणीवर क्लिफ आर्केट हे विनोदी नट साकारत असलेल्या पात्रावर तो बेतलेला आहे. छापील पत्र्याच्या गल्ल्यामागे तो उभा असतो. कळ दाबली की एका हातातले भांडे हलवतो, पेल्यात ओततो, पेला तोंडाला लावतो, मग त्याचा चेहरा लाल होतो आणि कानांतून धूर निघतो, आणि हे चक्र पुन्हा सुरू होते. एकच मोटर सतत एकाच दिशेने आणि एकाच वेगाने फिरत असताना इतक्या वेगवेगळ्या क्रिया ठरलेल्या क्रमाने घडतात, त्यामागे एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या चकत्या असतात. प्रत्येक चकतीची कड जागोजागी खोलगट किंवा उंच कापलेली असते आणि त्या कडेवर टेकलेली तरफ उंचवटा आला की उचलली जाते. म्हणजे नाट्याची संहिता चकतीच्या कडेवरच कोरलेली असते. चेहरा लाल होतो तो मऊ, अर्धपारदर्शक व्हिनाइलच्या डोक्याआड लावलेला लहान लाल दिवा पेटल्यामुळे. धुरासाठी पोटात तेलात भिजलेल्या वातीवर गुंडाळलेली बारीक नायक्रोमची तार असते. वीज वाहिली की ती तापते, तेलाची वाफ होते आणि एक इवलासा भाता ती वाफ नळीतून कानांपर्यंत फुंकतो. मुलांच्या खेळण्यात मद्यपी आणि धूम्रपान करणारे म्हातारे यांची एवढी रेलचेल का, असा प्रश्न आजच्या पालकाला पडेल. यांतली बरीच खेळणी मोठ्यांच्या बैठकीत करमणुकीसाठी ठेवली जात, हे त्याचे उत्तर.

यंत्रमानवांविषयी येथे थोडक्यातच सांगणे पुरे, कारण संग्राहकांच्या ग्रंथांत त्यांच्यावर गरजेपेक्षा अधिक शाई खर्च झालेली आहे. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या हॉलिवुडपटातला रॉबी हा यंत्रमानव जपानी कारखान्यांनी त्याचे नाव न वापरता निरनिराळ्या रूपांत उतरवला, त्यातला नोमुराचा सर्वांत देखणा. होरिकावाचे यंत्रमानव चार पावले चालून थांबतात, छातीचे दरवाजे उघडतात आणि आतल्या बंदुका झगमगवतात. मासुदायाने १९५५ मध्ये रेडिओलहरींवर चालणारी बस बाजारात आणली आणि त्यानंतर काढलेल्या पंधरा इंच उंचीच्या पाच यंत्रमानवांच्या मालिकेला संग्राहक ‘पाचांची टोळी’ म्हणतात. किमतीच्या बाबतीत आज ती टोळीच सर्वांवर मात करते. कारागिरीच्या दृष्टीने मात्र साधा दिसणारा गुत्तेवाला तिच्यापेक्षा पुष्कळ वरचढ आहे.

या धंद्याचा शेवट एका फटक्यात झाला नाही. प्लॅस्टिक स्वस्त झाले, हाँगकाँगमध्ये मजुरी आणखी स्वस्त होती, १९६९ च्या अमेरिकी खेळणी सुरक्षा कायद्याने धोकादायक खेळण्यांवर बंदीचे दार उघडले आणि पत्र्याच्या धारदार कडा संशयाच्या भोवऱ्यात आल्या. १९७१ मध्ये येन वधारून डॉलरला ३०८ झाला तेव्हा उरलीसुरली किफायतही गेली. जपानी घराण्यांपैकी काही बुडाली, तर बांदाईसारखी काही प्लॅस्टिक आणि दूरचित्रवाणीच्या पात्रांकडे वळून मोठी झाली.

याच १९७० च्या दशकात जुन्या खेळण्यांचा संग्रह करण्याची आवड जपानमध्ये मूळ धरू लागली. किताहारा तेरुहिसा यांनी त्या दशकात सुरू केलेल्या संग्रहातून १९८६ मध्ये योकोहामाच्या यामाते टेकडीवर पत्र्याच्या खेळण्यांचे संग्रहालय उभे राहिले. दोनच वर्षांनी पिक्सारचा ‘टिन टॉय’ हा लघुपट आला, त्याला ऑस्कर मिळाले, आणि वखारी व माळे धुंडाळणाऱ्यांची संख्या अमेरिकेतही वाढली. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात अशा मालाच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने तो मराठी घरांत आला तो बहुधा परदेशी जाऊन आलेल्या नातलगांच्या ट्रंकेतूनच.

संग्राहकाच्या हाती येणारे खेळणे बहुतेक वेळा बंद पडलेले असते आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण सेलच्या कप्प्यात सापडते. त्या काळातला सेल जस्त आणि कार्बनचा. त्याचे बाहेरचे जस्ताचे नळकांडे हाच त्याचा ऋण ध्रुव असतो आणि वीज देता देता ते आतून झिजत जाते. सेल संपला तरी कप्प्यात तसाच राहिला की शेवटी नळकांड्याला भोक पडून आतला आम्लधर्मी चिखल पत्र्यावर उतरतो. नंतरच्या मालकाने अल्कलाइन सेल घातला असेल, तर गळती उलट्या स्वभावाची, म्हणजे दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइडची असते, आणि हवेशी मिसळून तिचे पांढरे, भुरभुरीत खडे बनतात. दोहोंवरचा उपाय वेगळा आहे : पहिल्यावर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा, दुसऱ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने ओला केलेला कापसाचा बोळा. हातमोजे दोन्ही वेळी हवेत. कप्प्याबाहेर एक थेंबही जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते, कारण शेजारच्या छपाईला आम्लही चालत नाही आणि अल्कलीही. संपर्कपट्टीवरचा हिरवा थर हा तांब्याचा गंज. तो काचतंतूंच्या बारीक ब्रशने हळूहळू खरवडतात. त्यानंतर मोटरला स्वतंत्रपणे, दोन तारांनी, एकाच सेलची वीज देऊन पाहिली की दोष मोटरमध्ये आहे की कप्प्यात, हे कळते. अनेक वर्षे स्थिर असलेले गिअर त्याआधी हाताने हलवून पाहायचे असतात. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते आणि त्याच्याशी झगडताना मोटर जळते.

छपाईची सफाई हा सर्वांत नाजूक भाग. शाई आणि रोगण मिळून त्यांची जाडी नखाएवढीही नसते. काच पुसण्याचे निळे द्रावण, नेलपॉलिश काढणारे ॲसिटोन, स्पिरिट, पितळ चमकवणाऱ्या पेस्टी यांपैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे खेळण्यांचे चेहरे पुसून टाकलेले आहेत. पेस्टीतला अपघर्षक तर आधी रोगण, मग वरचा रंग आणि शेवटी कथील असे थर एकामागून एक नेतो. अनुभवी हात कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडून सुरुवात करतात, तळाशी किंवा काखेत न दिसणाऱ्या जागी चाचणी घेतात, आणि मग सौम्य साबणाचा एक थेंब टाकलेल्या शुद्ध पाण्यात बुडवून पिळलेला कापूस एका वेळी नाण्याएवढ्या जागेवर फिरवून लगेच कोरडा करतात. कापसावर राखाडी मळ येतो तोवर ठीक. तांबडा किंवा निळा दिसू लागला की थांबायचे. ओरखड्याच्या आणि कडांच्या जवळ पाणी न्यायचे नाही, कारण तेथून ते शाईखाली शिरून पापुद्रे सोडवते. शेवटी ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झालेल्या सूक्ष्मस्फटिकी मेणासारख्या मेणाचा पातळ हात दिला, तर पृष्ठभाग हवेपासून काही प्रमाणात झाकला जातो. गंज मात्र छपाईतून वर आलेला असेल, तर तो तसाच राहू देणे श्रेयस्कर. गंज विरघळवणारी रसायने गंजाबरोबर भोवतालची शाईही घेऊन जातात.

खेळणे उघडायचे की नाही, हा पुढचा प्रश्न. जिभली सरळ करून पुन्हा वळवली की पत्रा त्या रेषेवर कडक आणि ठिसूळ होतो. आधीच्या कुणी दुरुस्तीसाठी एकदा उघडलेले असेल, तर पुढच्या वेळी ती तुटण्याचा धोका मोठा असतो, म्हणून जाणकार लागतील तेवढ्याच जिभल्या आणि त्याही पूर्ण सरळ न करता, फटीतून निसटण्यापुरत्याच उचलतात. जिभल्यांची अवस्था हीच खेळण्याच्या वैद्यकीय पूर्वेतिहासाची नोंद असते. आतली बाजू चकचकीत करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळायचा, कारण डब्याच्या लेबलाचा तो तुकडा, शिसपेन्सिलीने टाकलेला जुळवणीचा आकडा किंवा मोटरवरची मोहोर, हे सगळे तेथेच असते आणि कारखान्याविषयीची उरलीसुरली साक्ष पुष्कळदा एवढीच असते.

अस्वल, माकड, कुत्रा अशा प्राण्यांच्या खेळण्यांत पत्र्यावर लोकरी कापड चिकटवलेले असते. ते धुता येत नाही, ओलावा आत शिरला की गंज आतून बाहेर येतो आणि कापडावर तपकिरी डाग उमटतो. त्यावर जाळी धरून हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमने धूळ काढणे एवढेच करण्याजोगे असते. व्हिनाइलची डोकी आणि हात यांचा त्रास वेगळाच : त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य काळाबरोबर बाहेर पाझरून पृष्ठभाग चिकट होतो आणि जिथे ते छापील पत्र्याला टेकलेले असते तिथली शाईही मऊ पडते. अशा ठिकाणी मध्ये आम्लरहित कागदाची पट्टी सरकवून ठेवतात.

साठवणुकीत ओलावा हा मुख्य शत्रू. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवर राहत असल्याने इथल्या संग्राहकाला सिलिका जेल नियमाने वाळवून पुन्हा ठेवावे लागते आणि हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीचा मोह टाळावा लागतो, कारण भरताना आत गेलेला ओलावा पिशवीतच कोंडून राहतो. सेल कप्प्यात ठेवून खेळणे कपाटात टाकायचे नाही, हे सांगून सवरूनही पाळले जात नाही.

संग्राहकांच्या बाजारात खोके कधी कधी खेळण्याइतकेच मोल घेते, त्यामुळे खोक्यांच्या नव्या प्रती छापून जुन्या म्हणून विकण्याचा धंदाही फोफावला आहे. आधुनिक कागदात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये असल्यामुळे तो अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो, जुना कागद सहसा मंद राहतो. म्हणून असा छोटा दिवा अनेक खरेदीदारांच्या खिशात असतो. रंगवलेल्या पत्र्याची परीक्षा भिंगाखाली होते : छापील रंगाचे बारीक ठिपके दिसतात, तर हाताने भरलेल्या रंगात ब्रशाच्या रेषा असतात. तुटलेली अँटेना किंवा हरवलेले कप्प्याचे झाकण नव्याने बनवून बसवणे बहुतेक जाणकारांना मान्य आहे, अट इतकीच की विकताना ते सांगितले जावे. चेहरा पुन्हा रंगवणे मात्र सर्वसाधारणपणे त्याज्य मानले जाते.

खेळणे चालवावे की नाही, याबद्दल एकमत नाही. प्रत्येक फेरीत गिअरचे दात, मोटरचे कार्बन आणि धुराची तार झिजते. पण चार्ली वीव्हर न ढोसता उभा राहिला, तर चकत्यांवर कोरलेली संहिता कुणाला वाचताच येत नाही. यावर काही संग्राहकांनी काढलेला मार्ग व्यवहारी आहे : दुरुस्तीनंतर ताजे सेल घालून खेळण्याच्या सगळ्या क्रिया एकदा चित्रफितीवर टिपायच्या, क्रियांचा क्रम आणि प्रत्येकीला लागणारा वेळ कागदावर नोंदवायचा, सेल काढून घ्यायचे आणि ती नोंद खेळण्यासोबतच खोक्यात ठेवायची.